गाडी आपली, तर चूकही आपली

प्रताप नगर चौकातून सकाळी आठ-साडेआठला जे कोणी बाइकवर हिंगण्याकडे निघतात, कॉलेजला म्हणा किंवा एमआयडीसीत ट्रेनिंगला म्हणा, त्यांना एक दृश्य पाठ असेल. रिंग रोडने हिंगणा टी-पॉइंट, तिथून मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने पुढे, आणि मध्येच कुठेतरी लांबलचक ट्रेलरवर ओळीने बसवलेले नवेकोरे लाल ट्रॅक्टर. ओव्हरटेक करायला जागा मिळत नाही म्हणून आपण त्या ट्रेलरवाल्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो आणि पुढे जातो. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना इथे आहे, हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही.

याच कंपनीची आणखी एक गाडी आहे, जी या रस्त्यावर कधीच दिसणार नाही. एका माणसापुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही, चारही चाकं अंगाबाहेर. इंजिनाऐवजी बॅटरी आणि मोटर. तिचं नाव एम९इलेक्ट्रो. २०२२-२३ चा फॉर्म्युला ई जागतिक अजिंक्यपदाचा मोसम तिने खेळला. नावातला ९ म्हणजे त्या स्पर्धेचा नववा मोसम.

आज तिच्याबद्दल लिहायचं कारण साधं आहे. टपरीवर तर्री-पोहे खाताना मोटारस्पोर्टचा विषय निघाला, की तुमच्यातल्या जाणकारांची गाडी फेरारी, रेड बुल, मॅक्लारेन या थांब्यांवरून जाते आणि शेवटी एका वाक्यावर येऊन थांबते, ‘आपली टीम कायले जिंकत नाही बे?’ आपली टीम! हा शब्द आपण फार सहज वापरतो. जिंकली की आपली, हरली की ‘त्यांची’. एम९च्या मोसमात असा एक शनिवार आहे, की तो नीट पाहिला तर या ‘आपली’ शब्दाचं वजन कळतं. तोच सांगायचा आहे. पण त्याआधी थोडी ओळख.

फॉर्म्युला ई म्हणजे विजेवर चालणाऱ्या एकआसनी गाड्यांची जागतिक स्पर्धा. पहिली शर्यत सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला झाली आणि महिंद्रा रेसिंग पहिल्या दिवसापासून तिथे आहे. त्या पहिल्या शर्यतीत महिंद्राच्या एका गाडीत आपला करुण चांडोक होता, दुसरीत ब्रुनो सेना, म्हणजे आयर्टन सेनाचा भाचा. पहिला विजय यायला मात्र जून २०१७ उजाडला. बर्लिनमध्ये, फेलिक्स रोझेनक्विस्ट या स्वीडिश ड्रायव्हरच्या हातून. त्यानंतर हाँगकाँग, माराकेश, लंडन असे अधूनमधून विजय आले. या मैदानात भारतीय झेंड्याखाली उतरणारा हा एकमेव संघ.

आता ‘आपली’ म्हणजे नेमकं काय, हे जरा उघडून बघू. कारण फॉर्म्युला ई मध्ये सगळेच संघ सगळी गाडी स्वतः बनवत नाहीत. खर्च आटोक्यात राहावा म्हणून गाडीचा मोठा भाग सर्वांना सारखाच दिला जातो. सांगाडा म्हणजे चॅसी एका फ्रेंच कंपनीची, स्पार्कची. बॅटरी विल्यम्सच्या अभियांत्रिकी शाखेची. टायर हॅन्कूकचे. पुढच्या चाकांची मोटरसुद्धा सर्वांना एकच. मग निर्मात्याच्या हाती उरतं काय? मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर आणि मागचं सस्पेन्शन. थोडक्यात, ड्रायव्हरच्या पाठीमागचा जो भाग, तो तुमचा. तिथेच तुमची अक्कल दिसते आणि तिथेच तुमची चूकही.

आणि हो, ही अक्कल कांदिवलीत किंवा हिंगण्यात बसून लढवली जाते असंही नाही. संघाचं ठाणं इंग्लंडमधल्या बॅनबरी गावात आहे. त्या मोसमाचा संघप्रमुख फ्रेडरिक बर्ट्रां फ्रेंच, ड्रायव्हर लुकास दि ग्रासी ब्राझीलचा आणि ऑलिव्हर रोलंड इंग्लंडचा. पैसा, नाव, झेंडा आणि शेवटचा निर्णय भारतीय. काही जण म्हणतील, मग यात आपलं काय? मला विचाराल तर यात लाजण्यासारखं काही नाही. मोटार रेसिंगचे बहुतेक संघ इंग्लंडच्या त्याच पट्ट्यात आहेत, कारण कारागीर, चाचणीच्या सोयी, सुटे भाग करणारे छोटे कारखाने सगळं तिथे पन्नास-साठ वर्षांपासून साचलेलं आहे. आपल्याकडे संत्र्याचं मार्केट जसं एका जागी जमतं, तसंच. पण मग ‘आपली’ या शब्दात आपण नेमकं काय मोजतो, हे स्वतःला विचारून ठेवा. पुढे लागेल.

२०२३ ला नव्या पिढीची गाडी आली होती, जेन३. मागच्या मोटरची ताकद ३५० किलोवॅट, म्हणजे साधारण ४७० अश्वशक्ती. शेतात चालणारा नेहमीचा ट्रॅक्टर ४५-५० चा असतो, म्हणजे त्याच्या दसपट. आणि वजन ड्रायव्हर धरून साडेआठशे किलोच्या आसपास. कागदावरचा कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर. सगळ्यात गमतीची गोष्ट ब्रेकची. या गाडीला मागच्या चाकांना नेहमीसारखे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दिलेलेच नव्हते. ड्रायव्हरने वेग कमी करायचा ठरवला की मोटर उलट्या कामाला लागते, चाकाची फिरण्याची ताकद शोषून घेते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत परत टाकते. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या विजेतला जवळपास ४० टक्के भाग असा गाडीच स्वतः कमावते. ऐकायला भारीच. पण याचा अर्थ असाही होतो, की मागची चाकं आणि त्यांना धरून ठेवणारी यंत्रणा यांच्यावर दुहेरी ताण. गाडी पळवायचीही तिथूनच आणि थांबवायचीही बऱ्याच अंशी तिथूनच. हे लक्षात असू द्या.

मोसमाची सुरुवात कशी झाली? जोरात! १४ जानेवारी २०२३, मेक्सिको सिटी. एम९ची पहिलीच शर्यत आणि दि ग्रासीने थेट पोल पोझिशन मारली, म्हणजे सगळ्यांच्या पुढे पहिल्या जागेवरून सुरुवात. हा गडी साधा नाही. २०१४ ची बीजिंगची ती पहिली शर्यत जिंकणारा हाच आणि २०१६-१७ चा जगज्जेताही हाच. शर्यतीत जेक डेनिस आणि पास्काल वेरलाइन त्याला ओलांडून गेले, पण तिसरा क्रमांक त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. नवी गाडी, पहिला दिवस आणि पोडियम. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर त्या रात्री तिरंगे झळकले असतील तर नवल नाही.

मग महिनाभरात हैदराबाद. ११ फेब्रुवारी. हुसेन सागरच्या काठावर, नेकलेस रोड आणि एनटीआर मार्गावर तयार केलेला पावणेतीन किलोमीटरच्या वरचा ट्रॅक. २०१३ च्या इंडियन ग्रां प्रीनंतर भारतात जागतिक दर्जाची अशी मोटार शर्यत होत होती, आणि तीसुद्धा आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर. ४४ नंबरचा हायवे धरला की आदिलाबाद, निर्मल करत पाचशे किलोमीटर. तिकिटांचा खर्च, घरच्यांची परवानगी आणि ‘परीक्षा तोंडावर आली नं’ हे सगळं पार करून ज्यांनी तो ट्रॅक प्रत्यक्ष पाहिला, त्यांचा हेवाच वाटतो. घरच्या मैदानावर महिंद्राचा रोलंड सहावा आला. जिंकला डीएस पेन्स्कीचा जाँ-एरिक व्हर्न. सहावा नंबर स्कोअरबोर्डवर फार मोठा दिसत नाही, पण तारेच्या जाळीपलीकडे उभं राहून स्वतःच्या देशाच्या नावाची गाडी शिट्टीसारखा आवाज करत जाताना बघणं, याला नंबर लागत नाही.

आणि मग दोन आठवड्यांनी तो शनिवार आला. २५ फेब्रुवारी, केपटाऊन.

दक्षिण आफ्रिकेत फॉर्म्युला ई पहिल्यांदाच जात होती. ग्रीन पॉइंटच्या फुटबॉल स्टेडियमभोवती, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असा रस्त्यांवरचा ट्रॅक. दिसायला देखणा आणि चालवायला भयंकर वेगवान. शहरी ट्रॅक म्हणजे दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. मोकळ्या ट्रॅकवर गाडी भरकटली तर मातीत, खडीत जाऊन थांबते. इथे ती सुटका नाही. चुकलं की भिंत.

त्या सरावादरम्यान महिंद्राच्या लोकांना मागच्या सस्पेन्शनच्या भागांबद्दल शंका आली. सस्पेन्शन म्हणजे काय हे बाइकवाल्यांना समजावून सांगायला नको. तुमच्या गाडीचा मागचा शॉकअप आणि चाकाला धरून ठेवणारा स्विंग आर्म, ते दोन्ही मिळून जे काम करतात, तेच काम इथे. फरक इतकाच की रेसिंग गाडीत चाक आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या दांड्या बोटाएवढ्या जाडीच्या दिसतात आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक कर्बच्या धक्क्याला त्यांच्यावर येणारा भार आपल्या कल्पनेपलीकडचा असतो. त्यातली एक दांडी जरी दोनशेच्या वेगात तुटली, तर मागचं चाक कुठल्या दिशेला बघेल याचा भरवसा नाही. आणि आठवतं ना, ही गाडी थांबतेही त्याच चाकांच्या जोरावर.

पात्रता फेरी सुरू होण्याआधी निर्णय झाला. गाड्या मागे घ्यायच्या. दि ग्रासीची आणि रोलंडची. एवढंच नाही. महिंद्राने आपली यंत्रणा एका जर्मन संघालाही विकली होती, एबीटी कुप्राला. त्यांच्याही दोन्ही गाड्या थांबल्या. २२ गाड्यांच्या मैदानातून चार गाड्या त्या दुपारी नाहीशा झाल्या. कारण एकच सांगितलं गेलं, ड्रायव्हरची सुरक्षा.

बाकीची शर्यत झाली. निसानच्या साशा फेनेस्ट्राझने पोल घेतली. अँटोनियो फेलिक्स दा कोस्टाने व्हर्नला मागे टाकत अफलातून शर्यत जिंकली. तो मोसम आठवणारे लोक केपटाऊन म्हटलं की दा कोस्टाची ती ओव्हरटेकच सांगतात. महिंद्राच्या गॅरेजचं शटर आठवणारे थोडेच.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? गाडी खराब होती, नाही चालवली. आमचीही बाइक खराब झाली की आम्ही नाही चालवत.

खरं सांगा. नाही चालवत?

मागचा ब्रेक लागत नाही म्हणून पुढच्या ब्रेकवर महिना काढणारे आपल्यात किती आहेत? चेन सैल होऊन खडखड करते, टायरची नक्षी घासून गुळगुळीत झाली आहे, हँडल एका बाजूला ओढतं, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘चालते भाऊ अजून पाच-पन्नास किलोमीटर, पगार झाला की या.’ आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. मग माटे चौकातून आयटी पार्कच्या बाजूला, ठेल्यांची गर्दी आणि मध्येच वळणाऱ्या गाड्यांतून आपण तशीच दामटतो. काही झालं नाही की ‘बघ, चालली नं’ म्हणतो. मीही चालवली आहे. दोन वर्षं जुनी क्लच केबल शेवटच्या तारेवर येईपर्यंत. ती तुटली तेव्हा मी खामल्याच्या सिग्नलला उभा होतो, म्हणून हा लेख लिहितो आहे. पुलावर असतो तर कोणी दुसऱ्याने लिहिला असता, कदाचित वेगळ्या पानावर.

आपल्याला न चालवण्याची किंमत किती मोजावी लागते? फार तर अर्ध्या दिवसाची रजा आणि ऑटोचं भाडं. केपटाऊनला किंमत काय होती ते बघा. दोन आठवड्यांपूर्वी घरच्या प्रेक्षकांसमोर मिरवलेला संघ. कॅमेरे, प्रायोजक, मुंबईतलं मुख्यालय, सगळे बघताहेत. आणि तुम्ही जगासमोर सांगता, की आमची गाडी चालवण्यालायक नाही. वर तुमच्याकडून माल विकत घेतलेल्या गिऱ्हाइकालाही सांगता, की तुमचीही नाही.

त्या गिऱ्हाइकाच्या गाडीत कोण बसणार होतं माहीत आहे? केल्विन व्हॅन डर लिंडे. मूळचा ड्रायव्हर रॉबिन फ्राइन्स मेक्सिकोला पहिल्याच लॅपमध्ये मनगट मोडून बसला होता, त्याच्या जागी केल्विनला काही शर्यतींसाठी बोलावलं होतं. आणि केल्विन दक्षिण आफ्रिकेचा! त्याच्या देशातली ती पहिलीच फॉर्म्युला ई शर्यत, त्यात त्याच्या घरचा तो एकटा, आणि नशिबाने त्याला जागाही मिळालेली. घरच्यांसमोर हेल्मेट घालून तयार असलेल्या माणसाला सांगितलं गेलं, आज नाही. त्याची चूक काय? काहीच नाही. त्याने गाडी बनवली नव्हती, त्याच्या संघानेही तो भाग बनवला नव्हता. आणि पुढे केपटाऊनला ती शर्यत परत झालीच नाही.

या जागी मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण आपण अशा गोष्टींचा लगेच हार-तुरे घालून सत्कार करतो. ‘जिंकण्यापेक्षा जीव मोठा’ वगैरे. गाडी मागे घेणं योग्यच होतं, त्यात वाद नाही. पण तो दोष मुळात तिथपर्यंत पोचला कसा, हा प्रश्नही विचारायलाच हवा. मेक्सिको, दिरिया, हैदराबाद एवढा प्रवास गाडीने केला होता. मागचं सस्पेन्शन हा त्या मोजक्या भागांपैकी एक, जो निर्मात्याच्या स्वतःच्या हातात होता. स्पार्कच्या सांगाड्याला, विल्यम्सच्या बॅटरीला दोष द्यायला वावच नव्हता. बाकी निर्मात्यांच्या गाड्या त्याच सांगाड्यावर त्या दिवशी पळाल्या. म्हणजे वर जो हिशोब केला, ‘ड्रायव्हरच्या पाठीमागचा भाग आपला’, तो हिशोब या दिवशी पुरा झाला. जे आपलं होतं, तेच कच्चं निघालं.

म्हणून केपटाऊनच्या निर्णयाकडे मी शौर्य म्हणून बघत नाही. ते बिल होतं. आधी कुठेतरी राहून गेलेल्या कामाचं बिल. अनेक जण अशा वेळी बिल टेबलाखाली सरकवतात, ‘आजचा दिवस निघून जाऊ दे’ म्हणतात. यांनी ते भरलं, सगळ्यांसमोर, आणि दुसऱ्याच्या वाट्याचंही नुकसान स्वतःच्या नावावर घेऊन. एवढंच त्याचं मोल. पण हे ‘एवढंच’ करायला किती जणांना जमतं, ते तुमच्यातल्या ज्यांनी कधी कॉलेजच्या टीममध्ये गाडी बांधली आहे त्यांना विचारा.

हिंगणा रोडवरच्या, वर्धा रोडवरच्या, शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अशा टीम असतात. बाहाची बग्गी किंवा फॉर्म्युला पद्धतीची छोटी एकआसनी गाडी. बाहा स्पर्धेला तर बरीच वर्षं महिंद्राचंच नाव जोडलेलं राहिलं आहे. वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री जागायच्या, स्पॉन्सरसाठी दारोदार फिरायचं, एचओडींकडून पत्रावर सही मिळवायची, आणि मग गाडी टेम्पोत घालून स्पर्धेच्या गावी न्यायची. तिथे आधी तांत्रिक तपासणी. ब्रेकची परीक्षा अशी, की गाडी पळवून पेडल दाबायचं आणि चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. तीन झाली, चौथं जरा फिरलं, तर नापास. फॉर्म्युला गाड्यांना वर तिरप्या टेबलावर चढवतात, आधी ४५ अंशांत तेल-पाणी गळतं का, मग ६० अंशांत गाडी उलटते का ते बघतात. हे सगळे स्टिकर मिळाल्याशिवाय ट्रॅकचं तोंड बघायला मिळत नाही. कित्येक टीमचा अख्खा वर्षाचा घाम त्या तपासणीच्या रांगेतच संपतो.

त्या रांगेत उभं राहिलेल्या पोरांना केपटाऊन समजतं. कारण स्पर्धेच्या आदल्या रात्री, अकरा वाजता, टॉर्चच्या उजेडात एखाद्या वेल्डिंगवर केसाएवढी भेग दिसते तेव्हा काय होतं, हे त्यांना माहीत असतं. ती भेग दोघांनाच दिसलेली असते. वरून रंगाचा एक हात मारला तर तपासणाऱ्यालाही दिसणार नाही. टीममधला एक म्हणतो, ‘राहू दे, चार लॅपचा प्रश्न आहे.’ दुसरा गप्प बसतो. आणि उद्या गाडीत बसणारा तिसराच असतो, जो झोपला आहे. त्या क्षणी वर्षभराचे पैसे, सीनिअरची नावं, घरी सांगून आलेल्या गोष्टी सगळं एका बाजूला असतं. तिथे ‘थांबा’ म्हणणारा माणूस टीममध्ये कोण असतो? बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर, आणि त्याचं कोणी ऐकत नाही.

महिंद्रासारख्या संघात त्या माणसाचं ऐकलं गेलं. आत काय बोलणं झालं ते आपण तिथे नव्हतो म्हणून सांगू शकत नाही. पण गाड्या थांबल्या, याचा अर्थ कोणीतरी बोललं आणि कोणीतरी वरच्याने ‘बरोबर आहे’ म्हटलं.

पुढचा मोसम गोड झाला असं समजू नका. महिनाभराने, २५ मार्चला साओ पावलोला, दि ग्रासीच्या गावी, गाड्या परत ट्रॅकवर आल्या. पण मेक्सिकोचा तो जोर परत दिसला नाही. मे महिन्यात मोनाकोच्या शर्यतीनंतर रोलंड मोसम अर्धवट टाकून संघाबाहेर पडला आणि जकार्तापासून त्याच्या जागी स्पेनचा रॉबर्टो मेर्ही आला. जुलैअखेर लंडनला शेवटची शर्यत झाली तेव्हा अकरा संघांत महिंद्रा दहावा होता. अकरावा कोण? एबीटी, म्हणजे तीच यंत्रणा वापरणारा संघ. तक्त्याने काहीच लपवलं नाही.

मोसम संपल्यावर मेक्सिकोचा फोटो सगळ्यांनी शेअर केला, केपटाऊनचा कोणी केला नाही. साहजिक आहे. रिकाम्या जागेचा फोटो काय काढणार?

रोलंडचं काय झालं? तो निसानकडे गेला आणि २०२४-२५ चा जगज्जेता झाला. ड्रायव्हर चांगला होता, गाडी त्याला साथ देत नव्हती, हे यातून सिद्ध होतं असं काही जण म्हणतात. अर्धं खरं असेल. पण त्याच मोसमात महिंद्राही संघांच्या यादीत चौथी आली. दहाव्यावरून चौथी, दोन मोसमांत. गाडीचं नाव तोवर एम११ झालं होतं, ड्रायव्हर निक डी व्ह्रीस आणि एदोआर्दो मोर्तारा. अनुभवी ड्रायव्हर आले हे एक कारण आहेच. पण ज्यांनी पाठीमागचा भाग मुळापासून पुन्हा तपासला असेल, त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. येऊ घातलेल्या चौथ्या पिढीच्या गाडीसाठीही महिंद्राने नाव नोंदवलं आहे.

हैदराबादची शर्यत मात्र एकदाच झाली. २०२४ च्या जानेवारीत, शर्यतीला महिना राहिला असताना, ती रद्द झाल्याचं जाहीर झालं. तिथलं सरकार बदललं होतं आणि करारावरून वाद झाले. ज्यांनी ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणून ठरवलं होतं, ते राहिले. केल्विनच्या देशातली एकदाच, आपल्या बाजूचीही एकदाच.

उद्या सकाळी हिंगणा टी-पॉइंटच्या पुढे तो ट्रॅक्टरांचा ट्रेलर परत आडवा येईल. निघण्याआधी गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने एकदा फिरवून बघा, ब्रेक दाबून बघा. आवाज येत असेल तर ऑटो करा. शेअर ऑटोचं भाडं काही फार नाही, आणि पहिलं लेक्चर तसंही कोण करतं!